गेटाबाहेरचे तास : सांगली ते चाकण, मामांच्या ट्रकमधून

सोमवार : सांगली

एप्रिल संपत आलेला, हळदीचा हंगाम भरात. वसंतदादा पाटील मार्केट यार्डात सकाळपासून पिवळी धूळ उडत होती. अडत्याच्या दुकानापुढं आमची दहाचाकी लागली होती आणि मामा ताडपत्रीच्या घड्या उलगडून कुठं भोक पडलंय का ते बघत होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीची पोती आज भिवंडीच्या एका गोदामाकडं निघाली होती.

मी मिरजेत एका दवाखान्यात परिचारिका आहे. ड्रायव्हर आमच्याकडं येतात ते दुखणं हाताबाहेर गेल्यावरच. मुतखडा, लघवीचा संसर्ग, मूळव्याध, वाढलेली साखर. मामांनाही मुतखडा झाला आणि औषधानं बरा होऊन पुन्हा झाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं आणि मामा ते पीत नव्हते. मी रागावले तेव्हा म्हणाले, "पाणी पिऊन जाऊ कुठं, ते सांग. एकदा गाडीवर चल, मग बोल." रजा टाकली. मामींनी भाकऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडीवर क्लीनर म्हणून जतकडचा एक पोरगा होता, कामाला चपळ आणि बोलायला लाजरा.

भरायला दुपार झाली. यार्डात थांबणं मला जड गेलं नाही. पाण्याची टाकी आहे, झाडं आहेत, स्वच्छतागृह आहे, चहाची गाडी हाकेच्या अंतरावर. हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढत होते, थोड्या वेळानं सावलीला बसत होते, पाणी पिऊन पुन्हा उठत होते. त्यांना ही सावली कुणी आपणहून दिलेली नाही. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला तो अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी माणसं एकत्र बांधली म्हणून. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, हे सगळं त्यातून आलं. हमाल एका जागी रोज भेटतात, म्हणून एकत्र येऊ शकले. ड्रायव्हर आज इथं तर उद्या चारशे किलोमीटरवर. त्यांनी कुठल्या पारावर जमायचं?

काटा झाला, बिल्टी म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती आली, ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना फोनवर आला. मामांनी तारीख बघितली आणि बोटं मोजली. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. आमच्या अंतराला दोन. त्यात गाडी वाटेत किती चालेल ते धरलेलं आहे, दारात किती थांबेल ते नाही. तेव्हा मला यातलं फारसं कळलं नव्हतं. बुधवारी रात्री नीट कळलं.

मंगळवार : पेठ नाका ते कळंबोली

रात्री जेवून निघालो होतो. आष्ट्यावरून पेठ नाक्याला महामार्ग धरला. कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा. क्लीनरच्या जागेवर मी, मागच्या फळीवर तो पोरगा झोपलेला. मामा रात्री गाणी लावत नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकत गाडी चालवतात.

पहाटे शिरवळच्या अलीकडं एका पंपावर थांबलो. स्वच्छतागृह धुतलेलं, नळाला पाणी, आंघोळीला जागा. क्लीनरनं बादली भरून घेतली. मामांनी इथं मात्र पोटभर पाणी प्यायलं, माझ्या डोळ्यांदेखत. तेल कंपन्यांनी पंपांवर ट्रकचालकांसाठी 'अपना घर' नावानं खाटा, न्हाणीघर, स्वयंपाकाची जागा अशी सोय करायला घेतली आहे, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत देशभरात अशी ३६८ ठिकाणं झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर पहिल्या टप्प्यात हजार विश्रांतीगृहं बांधण्याची घोषणा केली. चांगलंच आहे. ज्यानं रात्र जागून गाडी चालवली आहे त्याला पहाटे अंगावर दोन तांबे पाणी मिळालं तर पुढचा घाट तो शुद्धीत उतरतो.

मामा म्हणाले, "रस्त्यावर आता मिळतंय बघ. चार पंप सोडून पाचव्याला का हुईना, मिळतंय. अडचण रस्त्यावर न्हाईच."

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नऱ्ह्याच्या उताराला लागलो तेव्हा उजाडत होतं. नवले पुलापर्यंतचा हा उतार किती जीव घेऊन बसलाय ते महाराष्ट्राला माहीत आहे. मामांनी गाडी आधीच खालच्या गिअरला घेतली होती. शेजारून एक ट्रक वाऱ्यासारखा उतरला. मामा काही बोलले नाहीत, फक्त डाव्या अंगाला दबून राहिले. पुण्याच्या कडेनं जाताना मला बाबा आढावांची आठवण झाली. त्यांच्या हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली ती याच शहरात. कष्टकऱ्याला कामाच्या जागेजवळ, परवडेल अशा दरात, ताजं अन्न. जिथं माणूस राबतो तिथंच त्याच्या पोटाची सोय हवी, इतकी साधी गोष्ट. पण ती करून दाखवायला एक माणूस आयुष्यभर लागला होता.

बोरघाट उतरून दुपारी कळंबोलीला आलो. पुढं ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना दिवसा ठराविक वेळांत बंदी असते, तेव्हा अंधार पडेपर्यंत लोखंड बाजाराच्या बाजूला गाडी लावली. केबिनमध्ये बसवत नव्हतं. २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आमची गाडी त्याआधीची. आणि एसी असला तरी उभ्या गाडीत तो चालवायचा म्हणजे इंजिन सुरू ठेवायचं, डिझेल जाळायचं. कुठला मालक त्याला हो म्हणेल? उभ्या गाडीतल्या माणसाला सावलीची जागाच हवी. मामा गाडीखाली चवाळं टाकून झोपले. दोन चाकांच्या मधली सावली, एवढीच काय ती मिळाली.

बुधवार : भिवंडी

मध्यरात्रीनंतर मुंब्रा बायपासनं निघून मानकोलीच्या बाजूला पोचलो. भिवंडीची ओळख आपल्याकडं यंत्रमागांची, पण दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शिवारात आता नजर जाईल तिथवर गोदामं आहेत. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, महामार्गाला लागून आणि न्हावा-शेवा बंदराच्या टप्प्यात, म्हणून इथं माल साठवायची रीत पडली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, राज्यांच्या सीमेवरची नाकी उठली. मामा सांगतात, पूर्वी नाक्यावर रात्र जायची, त्या रात्री वाचल्या. मग वाचलेला वेळ गेला कुठं? तो इथं आला, गोदामाच्या गेटावर. गाडी आता झपाट्यानं पोचते आणि पोचल्यावर उभी राहते.

आमच्या पुढं वीसेक गाड्या होत्या. एका अंगाला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, मध्ये रांग. एकही झाड नाही. नऊला गेट उघडलं, कागद घेतले, नंबर दिला. "फोन येईल, गाडीजवळ थांबा." कधी येईल ते सांगायची पद्धत नाही. एक वाजता येईल, उद्या येईल. म्हणून कुणी हलत नाही. महामार्गावरचं चांगलं स्वच्छतागृह इथून तीन-चार किलोमीटर असेल, पण रांग सोडली तर नंबर जातो. सोय रस्त्यावर आहे आणि माणूस गेटावर अडकलेला आहे. मंगळवारी पहाटे मामा जे म्हणाले होते त्याचा अर्थ मला इथं उन्हात उभं राहून लागला.

अकराच्या सुमाराला मला जाणं भाग होतं. गेटावर गेले, सांगितलं. वॉचमन वयस्कर होता, कोकणातला असावा. लगेच उठला. "या मॅडम, आत डाव्या हाताला." आत गेले तर दोन संडास, बेसिन, साबण, पाण्याच्या थंड मशिनवर उपडे ठेवलेले पेले. बाहेरून पन्नास पावलंसुद्धा नसतील. दारावर पाटी होती, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. परत येताना मी विचारलं, "मामांना पाठवू का?" त्यानं मान हलवली. "ड्रायव्हर लोकांना सोडत नाहीत. मला बोलणी बसतात."

मी बाई म्हणून, पांढरपेशी दिसते म्हणून आत गेले. ज्या माणसानं रात्रभर जागून त्यांचा माल आणला त्याला गटाराच्या काठी ट्रकच्या आडोशाला जायचं. तो आडोसाही रात्रीपुरताच. दिवसा माणसं धरून ठेवतात. धरून ठेवता यावं म्हणून पाणी पीत नाहीत. पाणी कमी प्यायल्यावर लघवी दाट होते, क्षार साठतात, खडे होतात, संसर्ग होतो. दवाखान्यात मी ही साखळी शंभर वेळा समजावून सांगितली असेल, पण तिचं पहिलं टोक पत्र्याच्या या भिंतीला अडकलेलं आहे हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

दुपारी रांगेतल्या माणसांशी ओळख झाली. तामिळनाडूतल्या नामक्कलचे दोघं पेटीतला स्टोव्ह काढून भात शिजवत होते. नामक्कलच्या गाड्या देशभर फिरतात आणि तिथले ड्रायव्हर स्वतःचं स्वतः रांधून खातात. त्यांनी आम्हाला रसम दिलं, आम्ही चटणी दिली. धुवायला पाणी हवं म्हणून वीस लिटरचा जार टपरीवरून विकत घेतला. नांदेडचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, इन्सुलिन घेणारे. कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या छोट्या मडक्यात, सीटखाली. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलेली ही पद्धत चांगली आहे, फडकं सतत ओलं ठेवलं तर. पण जेवायच्या वेळा सांभाळायच्या कशा, हे त्यांनी मला विचारलं. सुई टोचली आणि लगेच फोन आला की गाडी आत घे, तर जेवण राहतं आणि साखर उतरते. टोचली नाही तर चढते. "आधी जेवण हाताशी ठेवा, मगच सुई घ्या, आणि खिशात गूळ असू द्या," एवढंच मी सांगू शकले. त्यांचे पाय तपासले. घोट्याशी एक जखम होती, धुवायला स्वच्छ पाणी नव्हतं. जारातलं वापरलं.

चारच्या सुमाराला मी सुपरवायझरांना भेटायला गेले. वॉचमननं अडवलं नाही. माणूस तिशीतला, थकलेला, बोलायला सभ्य. भांडायला गेले नव्हते, पण आवाज चढला माझा. त्यांचं म्हणणं असं: जागा भाड्याची, सफाईला बाई एकदाच येते, दिवसाला पन्नास-साठ गाड्या, माणसं आत सोडली तर मालाची जबाबदारी कुणाची? वर कंपनीनं यासाठी पैसे धरलेलेच नाहीत. मी म्हटलं, बाहेर दोन संडास बांधा, आत सोडूच नका. ते म्हणाले, "मॅडम, मी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही." तेवढं बोलून त्यांनी एक केलं, बागेची रबरी नळी गेटाबाहेर टाकून द्यायला सांगितली. संध्याकाळपर्यंत रांगेतल्या प्रत्येकानं तिथं तोंड धुतलं.

फोनवर कायदा वाचत बसले. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा. शंभर कामगार असतील तिथं कॅन्टीन, रात्री मुक्काम करावा लागतो तिथं विश्रांतीची खोली, दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. चांगली कलमं होती. पण ती गाडीच्या मालकाला लागू होती, आणि तेही त्याच्याकडं पाच कामगार असतील तर. मामांच्या मालकाच्या दोनच गाड्या. आणि सांगलीच्या मालकानं भिवंडीतल्या दुसऱ्याच्या दारात खोली बांधायची तरी कशी? उलट बाजूनं बघावं तर कारखान्यांचा १९४८ चा कायदा पिण्याचं पाणी, शौचालय मागायचा ते कारखान्यातल्या कामगारांसाठी. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदाही हेच मागतो, आस्थापनेतल्या कामगारांसाठी. ड्रायव्हर या गोदामाचा कामगार नाही, पाहुणाही नाही. १९६१ आणि १९४८ चे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीच्या संहितेत विलीन झाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जो गाडी थांबवून ठेवतो, सोय त्याच्या माथी हवी. ब्रिटनमध्ये कामाच्या जागांच्या १९९२ च्या नियमांचा असा अर्थ तिथल्या आरोग्य-सुरक्षा खात्यानं २०१७ मध्ये स्पष्ट केला: माल पोचवायला आलेल्या ड्रायव्हरला त्या जागेचं शौचालय वापरू द्यायलाच हवं. नवा कायदासुद्धा करावा लागला नाही.

रात्री नऊ वाजले तरी फोन नाही. मामांनी सांगलीला फोन लावला, "ई-वे बिल वाढवून घ्या, रातीला संपतंय." संपायच्या आधी आठ आणि नंतर आठ तासांत ते वाढवता येतं. दारात उभी असलेली गाडी कागदोपत्री अजून रस्त्यावर होती. मी केबिनमधल्या फळीवर झोपले, मामा टपावर, पोरगा गाडीखाली. डास इतके, की झोप म्हणण्यासारखी कुणालाच लागली नाही.

गुरुवार : भिवंडी

दुपारी तीनला फोन आला.

आत धक्क्याला गाडी लागल्यावर पोती उतरायला दोन तासही लागले नाहीत. दीड दिवस कशासाठी थांबलो? जागा नव्हती, सुपरवायझर जेवायला गेले होते, आधीच्या गाडीचा माल मोजणीत अडला होता. कारण प्रत्येक वेळी वेगळं, थांबणारा तोच.

उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरकडं मागितले गेले. याला वाराई म्हणतात. माल घेणाऱ्याचा, तर उतरवण्याचा खर्च गाडीवाल्यानं का द्यायचा? 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांची घोषणा आहे, आणि ती मला शंभर टक्के पटते. मामांनी घासाघीस करून थोडे कमी केले आणि दिले, कारण पोच सही होऊन हातात आल्याशिवाय मालकाला भाडं मिळत नाही. बिल्टीवर छापलेलं होतं की चोवीस तासांनंतर हाल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मिळेल. मिळालं तर मालकाला मिळेल. मामांचा भत्ता खेपेवर आहे. दीड दिवसाचं जेवण, पाणी, टपरीवरचा चहा त्यांच्या खिशातून गेला.

मी पाणी आणि शौचालय मागत होते, मामा सगळ्यात आधी वेळ मागतात. "किती वाजता आत घेणार एवढं सांगा. मग मी माझं बघतो." किती खरं आहे हे. दुपारी दोन नंतर असं कळलं असतं तर माणूस महामार्गावर जाऊन आंघोळ करून, झोपून आला असता. दवाखान्यात आम्ही रुग्णाला नंबर देतो, साधारण वेळ सांगतो. मोबाइलवर तसा निरोप धाडायला असा काय मोठा खर्च येतो? वेळ न सांगता थांबवणं म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य फुकट वापरणं आहे.

निघताना वॉचमनकाकांना मी माझा नंबर दिला. त्यांचा गुडघा सुजला होता.

शुक्रवार : उरण

परतीचं भाडं मिळालं ते जासईच्या बाजूच्या एका कंटेनर यार्डातून. आयात झालेला कच्चा माल कंटेनरमधून काढून आमच्या गाडीत भरायचा आणि चाकणला न्यायचा. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. करळ फाट्याच्या रस्त्याला ट्रेलरांची रांग संपत नव्हती.

बंदरानं निर्यातीच्या ट्रेलरांसाठी एकत्रित पार्किंग प्लाझा केला आहे. पूर्वी हीच वाहनं रस्त्याच्या कडेला ताटकळायची. मामांना तो बदल मोठा वाटतो. गाडी उभी करायला हक्काची जागा आहे, कागदांचं काम तिथंच होतं. खासगी यार्डांच्या गेटांवर मात्र कुठं काय मिळेल याचा नेम नाही. आम्ही गेलो तिथं शौचालय होतं, दाराला कडी नव्हती. मी आत असताना क्लीनर पोरगा पाठमोरा दारापाशी उभा राहिला. बायकांनी ट्रक चालवावेत असं आपण म्हणतो, चालवतातही आता काही जणी, पण त्यांच्यासाठी दाराला कडी कोण लावणार?

भरून झालं तेव्हा सात वाजले होते. पुढं सांगण्यासारखं काही घडलं नाही.

शनिवार : चाकण

तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी ठरलेली. पहाटे निघूनही पोचायला उशीर झाला आणि मामा घायकुतीला आले होते, कारण इथं पोचायची वेळ दिलेली होती. हो, वेळ! आदल्या रात्रीच मोबाइलवर आली होती, सकाळी नऊ ते अकरा. आम्ही सव्वाअकराला पोचलो. गेटावरच्या बाईंनी पत्र्यावर चढवलेल्या पडद्याकडं बोट दाखवलं, "तुमचा नंबर तिथं दिसेल. वेळ चुकलीय म्हणून एक वाजेल. तोवर बसून घ्या."

बसायला जागा होती. जुन्या कंटेनरला खिडक्या कापून खोली केलेली, वर गवताचा थर, आत पंखे आणि बाकडी. फोनला चार्जिंग. फिल्टरचं पाणी. मागं सहा शौचालयं आणि दोन न्हाणीघरं, नळ चालू. कोपऱ्यात चहा-पोह्यांचं काउंटर, कामगारांच्या कॅन्टीनच्याच दरात. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी. मी उघडून बघितली, औषधांच्या तारखा चालू होत्या.

मामा न्हाणीघरात गेले ते वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आले ते केस विंचरून, धुतलेला सदरा घालून. बाकड्यावर बसले आणि तांब्याभर पाणी घटाघट प्यायले. पुन्हा भरून घेतला. मी काही म्हटलं नाही. माझी इतक्या वर्षांची समजूत जिथं हरली तिथं एका नळानं काम केलं होतं.

सुरक्षा अधिकारी निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे. हे कसं झालं ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पूर्वी गाड्या रस्त्यावर लागायच्या, गावाची तक्रार व्हायची. ड्रायव्हर वैतागलेले, गेटावर रोज हमरीतुमरी. एकदा धक्क्याला गाडी लावताना झोपेत असलेल्या ड्रायव्हरनं आमच्या एका पोराला चेंगरलं असतं, थोडक्यात वाचला. त्या दिवशी व्यवस्थापनाला पटलं की बाहेर जागलेला माणूस आतल्या माणसाला धोक्याचा आहे. कंटेनर भंगारातला, प्लंबिंग आणि पंखे नवे. सफाई कारखान्याच्या ठेक्यातच, दिवसातून चार वेळा. "ड्रायव्हर घाण करतात असं सगळे म्हणत होते. चार वेळा धुतलं तर कुणीच घाण करत नाही. माझ्या पलटणीतसुद्धा हेच होतं."

भिवंडीच्या सुपरवायझरांना हे दाखवावं म्हणून मी फोटो काढायची परवानगी मागितली. सुभेदारांनी खोलीचे फोटो काढू दिले, कारखान्याचे नाही. खर्चाचा अंदाज मला एका कागदावर लिहून दिला, सफाईचा महिन्याचा आकडा वेगळा. तो कागद मी त्याच संध्याकाळी भिवंडीला पाठवला. सुपरवायझरांचं उत्तर आलं, "वर पाठवतो. या वेळी मालाच्या पार्टीचीही सही मिळाली तर जोर येईल." तेव्हा मी सांगलीच्या अडत्यांना फोन लावला. माल त्यांचा जातो, गोदामाशी व्यवहार त्यांचा आहे, त्यांचा शब्द तिथं चालतो. ते आधी म्हणाले, हा आमचा विषय नाही. मग मामांच्या खड्याचं सांगितलं. मामा त्यांची हळद कैक वर्षं वाहतात. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "लिहा पत्र. मी सही करतो. यार्डातल्या आणखी चार जणांची घेतो."

एकला नंबर लागला, तीनला गाडी रिकामी. वाराई कुणी मागितली नाही. मामांनी निघण्याआधी त्यांच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला: चाकणला या गेटाला आत सोडत्यात, पाणी गार हाय, आंघोळ करून घ्या, वेळेत पोचा. शिक्रापूर सोडेपर्यंत उत्तरं येत राहिली. कुणी रांजणगावच्या एका गेटाचं सांगितलं, कुणी तळोज्याच्या, कुठं सोडतात आणि कुठं हाकलतात. ट्रकवर बायकोला बरोबर घेऊन फिरणाऱ्या एकानं विचारलं, बायामाणसांसाठी वेगळं आहे का? मामांनी फोन माझ्याकडं दिला. आहे, मी सांगितलं, डाव्या हाताचं शेवटचं, आतून कडी लागते. चावी गेटावरच्या बाईंकडं मागायची.